हळदीच्या मुलखातून औषधसंशोधनाकडे : एम. फार्म.ची वाट

हिंगोली - हळदीचा हंगाम सुरू झाला की येथील बाजार समितीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळकुंडांच्या राशी लागतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या जिल्ह्याची बाजारपेठेतील ओळख मुख्यतः हळदीमुळे आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र त्याच हळदीतील कुर्क्युमिन या घटकावर जगभरच्या प्रयोगशाळांतून गेली कित्येक दशके संशोधन सुरू आहे आणि त्या संशोधनाचे शिक्षण घेण्यासाठी येथील तरुणांना जिल्ह्याबाहेरची वाट धरावी लागते.

बी. फार्म. झालेल्या विद्यार्थ्यासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात : औषध दुकान, कंपनीतील नोकरी किंवा पदव्युत्तर शिक्षण. तिसरा पर्याय निवडणे म्हणजे दोन वर्षांचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि दोन वर्षांच्या पगारावर पाणी सोडणे. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराच्या दृष्टीने हा निर्णय लहान नाही. तरीही अनेक जण जवळच्या महाविद्यालयात जी शाखा मिळेल ती पत्करतात आणि आपण नेमके काय शिकणार याची चौकशी प्रवेशानंतर करतात. प्रत्यक्षात आधी शाखा, मग मार्गदर्शक व प्रयोगशाळा आणि शेवटी गाव, असा क्रम ठेवला तरच या दोन वर्षांचे मोल होते.

औषध घडते कसे?

‘ड्रग डेव्हलपमेंट’ या नावाची पदव्युत्तर पदवी प्रामुख्याने परदेशी विद्यापीठांत आढळते. भारतात हा विषय एम. फार्म. आणि एम. एस. (फार्म.) या अभ्यासक्रमांच्या निरनिराळ्या शाखांत विभागला आहे. म्हणून औषधविकासाची साखळी आधी समजून घ्यावी लागते.

रोगाशी संबंधित एखादे लक्ष्य शरीरात निश्चित करणे, त्यावर परिणाम करणारा रेणू शोधणे आणि तो सुधारणे ही पहिली पायरी. त्यानंतर पेशींवर व प्राण्यांवर परिणामकारकता आणि विषारीपणा तपासला जातो. हे टप्पे समाधानकारक ठरले तरच माणसांवरील चाचण्यांची परवानगी मिळते. पहिल्या टप्प्यात मोजके, बहुधा निरोगी स्वयंसेवक असतात. दुसऱ्यात मर्यादित संख्येने रुग्ण. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्ण. औषध बाजारात आल्यावरही त्याच्या दुष्परिणामांवर नजर ठेवली जाते. या साऱ्या प्रवासाला दहा ते पंधरा वर्षे लागतात आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा रेणूंपैकी सुमारे एकच अखेर औषध म्हणून मान्यता मिळवतो. भारतात या चाचण्यांचे नियमन ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९’ नुसार होते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना परवानगी देते आणि प्रत्येक चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे.

विद्यार्थ्यांनी आणखी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. भारतीय औषध उद्योगाचा पाया जेनेरिक औषधांचा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर केवळ तो बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले. त्यामुळे भारतीय कंपन्या तोच रेणू वेगळ्या पद्धतीने बनवू शकल्या. २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागले आणि कंपन्यांना संशोधनाकडे अधिक लक्ष द्यावे लागले. तरीही आज एम. फार्म. झालेल्या बहुतेकांच्या वाट्याला येणारे काम म्हणजे पेटंट संपलेल्या औषधाची तुल्य गोळी तयार करणे, तिचे विश्लेषण करणे आणि ती मूळ औषधाइतकीच रक्तात पोहोचते हे सिद्ध करणे. हे काम कमी दर्जाचे नाही, पण नवा रेणू शोधण्याचे स्वप्न घेऊन येणाऱ्याने हा फरक आधीच जाणून घ्यावा.

एक हळकुंड, अनेक शाखा

भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार एम. फार्म.च्या दहा शाखा आहेत. त्या कळण्यासाठी हिंगोलीतील विद्यार्थ्याला हळदीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

फार्माकोग्नोसी ही वनस्पतिजन्य औषधांची शाखा. हळकुंड कोणत्या वाणाचे, त्यात कुर्क्युमिन किती, रंगासाठी लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलोची भेसळ आहे काय, अर्क कसा काढावा, हे प्रश्न तिचे. वाळलेल्या हळदीत कुर्क्युमिनॉइड्सचे प्रमाण साधारणपणे दोन ते पाच टक्के असते आणि वाण, जमीन व प्रक्रियेनुसार ते बदलते. फार्मास्युटिकल केमिस्ट्री ही शाखा रेणूची रचना पाहते आणि तिच्यात बदल करून अधिक स्थिर, अधिक परिणामकारक रेणू मिळतो का, याचा शोध घेते. फार्मास्युटिकल ॲनालिसिस मोजमापाची पद्धत सिद्ध करते. बाजारात ‘कुर्क्युमिन’ म्हणून विकले जाणारे द्रव्य प्रत्यक्षात तीन निकटच्या रेणूंचे मिश्रण असते आणि ते वेगळे मोजावे लागतात. फार्माकॉलॉजी हा रेणू शरीरात काय करतो आणि शरीर त्याचे काय करते, ते तपासते.

फार्मास्युटिक्स आणि इंडस्ट्रियल फार्मसी या शाखा रेणूला गोळी, कॅप्सूल, मलम किंवा इंजेक्शनचे रूप देतात. पहिलीचा भर औषधरूपाच्या रचनेवर, तर दुसरीचा कारखान्यातील उत्पादनावर. क्वालिटी ॲशुरन्स प्रत्येक घाणीचा दर्जा एकसारखा राहील याची व्यवस्था पाहते. रेग्युलेटरी अफेअर्स ही परवानग्यांची शाखा. हळदीचा अर्क अन्नपूरक म्हणून विकायचा, आयुर्वेदिक औषध म्हणून, की २०१५ मध्ये कायद्यात समाविष्ट झालेल्या ‘फायटोफार्मास्युटिकल’ या वर्गात, यावर कोणते पुरावे द्यावे लागतील ते ठरते. फायटोफार्मास्युटिकल या वर्गासाठी अर्कातील किमान चार घटकांचे प्रमाण निश्चित करावे लागते. उरलेल्या दोन शाखा म्हणजे फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजी आणि रुग्णालयाशी निगडित फार्मसी प्रॅक्टिस.

कुर्क्युमिनचा धडा

घरोघरी जखमेवर लावली जाणारी हळद अद्याप मान्यताप्राप्त आधुनिक औषध का झाली नाही, हा प्रश्न औषधविकासाच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा असा आहे. कुर्क्युमिन प्रथम १८१५ मध्ये वेगळे केले गेले आणि १९१० मध्ये त्याची रचना निश्चित झाली. परीक्षानळीत ते असंख्य ठिकाणी परिणाम दाखवते. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शरीराच्या आम्ल-अल्कता पातळीला काही मिनिटांत विघटित होऊ लागते आणि आतडे व यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करतात. कित्येक ग्रॅम पोटात घेऊनही रक्तात ते नगण्य प्रमाणात आढळते. औषध रक्तात किती पोहोचते याला जैवउपलब्धता म्हणतात आणि कुर्क्युमिनची अडचण मुख्यतः तेथे आहे.

१९९८ मध्ये बंगळूर येथील संशोधकांनी काळ्या मिरीतील पायपेरिनसोबत कुर्क्युमिन दिल्यास माणसांमध्ये त्याची जैवउपलब्धता वीस पटींच्या आसपास वाढते, असे दाखवले. त्यानंतर सूक्ष्मकण, लिपोसोम अशा रूपांवर अनेक प्रबंध झाले. मात्र २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधील एका सविस्तर आढाव्याने सावधगिरीचा इशारा दिला. हा रेणू अनेक चाचण्यांत फसवे होकारात्मक निकाल देतो आणि काटेकोर नियंत्रित चाचण्यांत त्याचे यश सिद्ध झालेले नाही, असे त्या लेखकांचे म्हणणे होते. दुसरीकडे २०२२ मध्ये अमेरिकेतील यकृतविषयक अभ्यासगटाने हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित यकृत-इजेचे दहा रुग्ण नोंदवले. त्यांतील काही उत्पादनांत काळ्या मिरीचा घटकही होता. रक्तात अधिक पोहोचवणे म्हणजे अधिक लाभ, असे सरळ गणित नसते. स्वयंपाकातील हळदीबद्दल हा इशारा नाही, तो एकवटलेल्या अर्काबद्दल आहे.

हळदीचा दुसरा धडा पेटंटचा. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. या पेटंटला आव्हान देण्यात आले तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने प्राचीन ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मधील भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख यांसह पुरावे सादर करून ते पेटंट आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळद जखमेवर लावतात हे येथे सर्वांना ठाऊक होते, पण पेटंट कार्यालयासमोर उपयोगी पडली ती छापील, दिनांकित नोंद. पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. आज वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आकाराला येत आहे. तेथे शेतीबरोबरच रसायन व औषधनिर्माण जाणणारी माणसेही लागतील.

प्रवेश कसा होतो?

एम. फार्म. हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून बी. फार्म. आणि किमान ५५ टक्के गुण ही मूळ पात्रता. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. डी. फार्म. झालेल्यांना थेट प्रवेश मिळत नाही. त्यांना बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करावी लागते. प्रवेशानंतर एका महिन्याच्या आत राज्य औषधनिर्माण परिषदेकडील नोंदणी सादर करावी लागते, अन्यथा प्रवेश रद्द होऊ शकतो. पदवीचा निकाल लागताच हे काम हाती घेणे शहाणपणाचे.

अखिल भारतीय स्तरावर जीपॅट ही परीक्षा २०१० पासून घेतली जाते. २०२४ पासून तिचे आयोजन राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाकडे आहे. १२५ बहुपर्यायी प्रश्न, ५०० गुण, तीन तासांचा अवधी आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असे तिचे स्वरूप राहिले आहे. बी. फार्म.च्या अंतिम वर्षातील विद्यार्थीही ती देऊ शकतात आणि गुणांची वैधता तीन वर्षे असते. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीय प्रवेश फेऱ्या होतात. त्यांत जीपॅटधारकांना प्राधान्य आहे. जागा उरल्यास बी. फार्म.च्या गुणांवर इतरांचा विचार होतो. म्हणजे जीपॅटशिवायही प्रवेश शक्य आहे, पण शाखा व संस्था निवडण्याची मोकळीक बरीच कमी होते.

पहिल्या दोन सत्रांत व्याख्याने व प्रात्यक्षिके, तिसऱ्यात संशोधनपद्धती व जैवसंख्याशास्त्र, तर तिसऱ्या व चौथ्या सत्रात मुख्यतः प्रबंधाचे संशोधन अशी रचना आहे. पदवीसाठी किमान ९५ श्रेयांक लागतात. थोडक्यात, जवळपास अर्धा अभ्यासक्रम प्रयोगशाळेत जातो. म्हणूनच मार्गदर्शक आणि उपकरणे यांची चौकशी महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा महत्त्वाची ठरते.

कोठे शिकावे?

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे मोठे केंद्र म्हणजे नांदेड. तेथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे औषधनिर्माणशास्त्र संकुल असून शहरात खासगी महाविद्यालयेही आहेत. या भागातील काही महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रमाचा आराखडा मात्र परिषदेचाच असतो. छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि कराड येथे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आहेत. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग देशातील जुन्या विभागांपैकी एक आहे. मुंबईत माटुंग्याची, १९३३ मध्ये स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था संशोधनासाठी नावाजलेली आहे. तिचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. अभ्यासक्रम व प्रवेशपद्धती वेगळी असल्याने त्याची स्वतंत्र चौकशी करावी.

राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच ‘नायपर’, हा आणखी वरच्या पायरीचा पर्याय. मोहालीतील पहिल्या संस्थेला १९९८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. २००७-०८ मध्ये अहमदाबाद, हैदराबाद, हाजीपूर, कोलकाता, गुवाहाटी आणि रायबरेली येथे नव्या संस्था सुरू झाल्या. महाराष्ट्रात अद्याप अशी संस्था नाही. हिंगोलीकरांना त्यांतल्या त्यात जवळची हैदराबादची. नायपरसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असून औषधनिर्माण पदवीधरांना जीपॅट पात्रता आवश्यक असते. हैदराबाद व परिसर हे देशातील मोठे औषध उत्पादन केंद्र असल्याने तेथील विद्यार्थ्यांना कंपन्यांशी संपर्कही सुलभ होतो.

खर्चाची तजवीज

जीपॅट पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपयांची पदव्युत्तर शिष्यवृत्ती दोन वर्षांपर्यंत मिळत आली आहे. मात्र संस्था व अभ्यासक्रम त्या योजनेत बसतो काय, याची खात्री प्रवेशापूर्वी करून घ्यावी. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मागासवर्गीय विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांसाठी अर्ज करता येतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. केवळ कागदपत्रे वेळेत न मिळाल्याने हातची जागा जाऊ नये, यासाठी ही तयारी अंतिम वर्षातच सुरू करावी.

मराठवाड्यातील उदाहरण

औषधविकास म्हणजे केवळ मुंबई-हैदराबादचे काम, असे समजण्याचे कारण नाही. वोखार्ट कंपनीचे संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे. या कंपनीच्या लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाला जानेवारी २०२० मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील प्रतिजैविक केंद्र सरकारने देशी बनावटीचे म्हणून जाहीर केले. दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यावयाच्या या औषधामागे सुमारे चौदा वर्षांचे संशोधन आणि ५०० कोटी रुपयांचा खर्च असल्याचे सांगण्यात आले. चाचण्या भारतासह अमेरिका व युरोपात झाल्या. नवे औषध बाजारात आणणे किती दीर्घ आणि खर्चिक असते, ते या आकड्यांवरून ध्यानात यावे. अशा कामात रसायनतज्ज्ञ, विश्लेषक, औषधरूप तयार करणारे, विषारीपणा तपासणारे आणि नियामकांसमोर कागदपत्रे मांडणारे, असे सर्व शाखांचे पदवीधर लागतात.

पदवीनंतर

औषधरूप विकास, विश्लेषण प्रयोगशाळा, गुणवत्ता विभाग, परवाना विभाग, चिकित्सालयीन चाचण्या घेणाऱ्या कंत्राटी संस्था आणि औषध-दुष्परिणामांची नोंद ठेवणारे विभाग येथे एम. फार्म. झालेल्यांना काम मिळते. महाविद्यालयीन अध्यापनासाठी बी. फार्म.नंतर एम. फार्म. लागते. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने रुग्णालयाधारित अभ्यासाची शक्यताही पुढील काळात वाढू शकते.

परदेशातील पदव्युत्तर पदवी घेण्याचा विचार करणाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. अशी पदवी संशोधन किंवा उद्योगातील नोकरीसाठी उपयोगी पडते. तिने तेथे फार्मासिस्टचा परवाना मिळत नाही. अमेरिकेत २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना परवान्याच्या परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा औषधनिर्माण अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची आहे.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी

जागा स्वीकारण्यापूर्वी महाविद्यालयाला प्रत्यक्ष भेट द्यावी आणि तेथील आजी विद्यार्थ्यांशी बोलावे. पुढील प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

१. निवडलेल्या शाखेला परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे काय?

२. त्या शाखेचे पूर्णवेळ मार्गदर्शक किती आणि एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात?

३. एचपीएलसी, विद्राव्यता चाचणी यंत्र, स्थिरता कक्ष ही उपकरणे चालू स्थितीत आहेत की बाहेरून नमुने तपासून आणावे लागतात? बाहेरच्या तपासणीचा खर्च कोण करतो?

४. फार्माकॉलॉजी घ्यायची असल्यास प्राणिगृह केंद्रीय समितीकडे नोंदणीकृत आहे काय?

५. मागील दोन-तीन वर्षांतील प्रबंध पाहता येतील काय? त्यांतील विषय एकाच साच्याचे आहेत की प्रत्येकात काही नवे विचारले आहे?

६. प्रबंधाचे काम कंपनीत करण्याची सोय आहे काय आणि ती कोणत्या अटींवर?

शेवटचे दोन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. मुलाखतीच्या वेळी कंपनीचा अधिकारी विचारतो तो प्रबंधाबद्दलच : हाच विषय का घेतला, कोणते मोजमाप फसले, फसल्यावर काय केले. ज्याने स्वतः प्रयोग केला आहे, त्याला उत्तर शोधावे लागत नाही. हिंगोलीच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय दूर शोधण्याची गरज नाही. वसमतच्या हळदीतील कुर्क्युमिन शिजवण्याच्या पद्धतीनुसार किती बदलते, हा साधा प्रश्नही नीट मोजला तर एका चांगल्या प्रबंधाला पुरेसा आहे आणि त्याचे उत्तर यार्डात हळद घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यालाही उपयोगी पडेल.